रिकामी वाटी

आम्ही दोघी शेजारणी. मुंब्र्याला डोंगराच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या. मधली भिंत अर्ध्या विटेची, आणि तीही पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. वर वीतभर फट. त्या फटीतून एकीच्या फोडणीचा वास दुसरीच्या घरात जायचा. एकीचं बाळ रडलं की दुसरीचं जागं व्हायचं. आणि रात्री मार बसायचा तेव्हा तोही ऐकू यायचा.

हा लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. आमच्यातली एक त्या भिंतीच्या एका बाजूला मार खात होती. दुसरी पलीकडे भाकरी थापत ऐकत होती. एक-दोन दिवस नव्हे, तीन वर्षं. कोण कुठली, ते आम्ही सांगणार नाही. मारणारा आज हयात नाही. मुलं मोठी झाली, घरात सुना-जावई आले, त्यांच्या हाती हा अंक पडेल. आणि खरं सांगायचं तर मार खाणारीची कहाणी सगळेच विचारतात, ऐकून गप्प बसणारीची कुणी विचारत नाही. आम्हाला दोन्ही सांगायच्या आहेत.

आम्ही दोघी मूळच्या मुंब्र्याच्या नव्हेत. एक महाड तालुक्यातली कोकणी. लग्न होऊन मुंबईला जोगेश्वरीत आली. जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर सासरच्यांनी मिळेल त्या भावाला खोली विकली आणि मुंब्रा गाठलं. दुसरी लातूरकडची, औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला त्यात घर बसलं, शेत दुसऱ्याचंच होतं, तेव्हा नवरा-बायको पोरं घेऊन मजुरीसाठी इकडे आली. एकीला माणसांनी उठवलं, दुसरीला जमिनीनं. त्याच वर्षाच्या थंडीत आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना राहायला आलो.

त्या काळात मुंब्रा असंच भरत गेलं. बाहेरून बघणाऱ्याला ती एकच वस्ती वाटते, 'मुस्लिम वस्ती'. आत मात्र दर दहा घरांमागं बोली बदलते, सालन बदलतं, लग्नाची रीत बदलते. कोकणी आहेत, दखनी आहेत, उत्तर प्रदेशातले, बिहारचे, बंगालचे, मालेगावचे आहेत. एकीची कोकणी आणि दुसरीची दखनी यांचं सुरुवातीला काही जमेना. पण दोघी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या. मराठीत आमची दोस्ती झाली, ती आजतागायत मराठीतच आहे.

गावाकडे बायका मार खात नाहीत असं नाही. खातात. पण गावात चार माणसं असतात ज्यांची नवऱ्याला लाज वाटते. भाऊ दुसऱ्या दिवशी एस.टी.नं येऊन ओट्यावर बसतो. मामू विचारतो. विहिरीवर बायका दंडावरचा वळ बघतात आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्याला कळतं. परगावी आलं की हे सारं सुटतं. माहेर चारशे किलोमीटरवर. टेलिफोन वाण्याच्या दुकानात, आणि त्या दुकानात नवऱ्याची उधारी. दहा बाय बाराची खोली, आत एक बाई, दोन लेकरं आणि नवरा. नवराही परका, त्यालाही शहरानं दिवसभर चेचलेलं. तो राग तो संध्याकाळी घरी आणतो. हे आम्ही त्याची बाजू घ्यायला सांगत नाही. चेचलेली तर बाईही असते, तिनं कुणाला मारलं?

ऐकणारीनं तीन वर्षांत काय केलं? पहिल्यांदा रेडिओचा आवाज वाढवला. मग मुलांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. सकाळी नळावर भेट व्हायची. "डोळ्याला काय झालं गं?" "लाकूड लागलं." लाकूड लागलेलं नाही हे दोघींना ठाऊक, आणि दुसरीला ठाऊक आहे हे पहिलीला ठाऊक. तरी पाणी भरून आम्ही आपापल्या दारानं आत जायचो. दुसऱ्याच्या घरात बोलू नये, ही शिकवण. आपल्या नवऱ्याला आवडणार नाही, ही भीती. आणि आत कुठंतरी, आपल्या घरात असं नाही, अल्लाचे शुक्र, असा समाधानाचा एक कोपरा. तो कोपरा लिहायला आजही लाज वाटते, पण तो होता.

मग एक रात्र आली. रमजान होता. सहरीला उठायचं म्हणून सारे लवकर निजलेले. पलीकडून आवाज आला आणि एकाएकी थांबला. थांबला त्याचीच भीती वाटली. ऐकणारी उठली. काय करावं सुचेना. हाताला लागली ती वाटी घेतली आणि शेजारचं दार वाजवलं. दार उघडलं तेव्हा तोंडातून निघालं, "भाभी से थोडी शक्कर चाहिए थी." रात्रीचे साडेबारा. त्यानं वाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. आत ती जमिनीवर बसलेली, डोक्याला ओढणी दाबून. ती उठली, डबा काढला, साखर दिली. हात थरथरत होता, साखर सांडत होती. कुणी काही बोललं नाही. पण त्या रात्री पुन्हा आवाज आला नाही.

त्यानंतर वाटी जात राहिली. कधी साखर, कधी मीठ, कधी नुसतंच "घड्याळात किती वाजले?" मार थांबला असं नाही. कमी झाला. भिंतीला कान आहेत आणि त्या कानांना पायही आहेत, हे त्याला कळलं. पुढं बऱ्याच वर्षांनी, २००८ साली टीव्हीवर 'बेल बजाओ' म्हणून जाहिरात यायची. शेजारच्या घरात मारहाण ऐकू आली की दाराची घंटी वाजवा, दूध मागा, फोन करू द्या म्हणा, काहीही करा पण वाजवा. ती जाहिरात लागली की आम्ही एकमेकींकडे बघायचो. आमच्या दाराला घंटी नव्हती एवढंच.

पुढचं थोडक्यात सांगतो. एका रात्री ती लेकरांना घेऊन भिंतीच्या या बाजूला आली आणि अकरा दिवस राहिली. चौकीत गेलो तर "हा तुमच्यातला मामला, तुमच्या जमातीत मिटवा" असं ऐकलं. जमातीत गेलो तर सब्र करायला सांगितलं. चार बुजुर्ग बसले, त्यानं कागदावर लिहून दिलं, तो कागद दोन महिने टिकला. शेवटी तिनं शिलाई मशीन घेतली, चार घरं टाकून वेगळी खोली केली आणि मुलं वाढवली. तलाक झाला नाही, खुलाही घेतला नाही. त्याच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात डबा तिनंच पोचवला. का, असं तरुण मुली विचारतात. आम्हाला याचं एक उत्तर देता येत नाही. तिला मार नको होता, माणूस नको होता असं नाही.

हेच वाक्य पुढं आम्ही शेकडो वेळा ऐकलं. कारण एक बाई सुटली की दुसरी विचारत येते. आधी मशीनवर ब्लाउज शिवायला आलेल्या बायका बोलू लागल्या. मग आम्ही शनिवारी दुपारी दार लोटून बसू लागलो. संस्था नाही, पाटी नाही. चटई, चहा आणि दोघी जणी.

२६ ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला. एका वकीलबाईंनी तो आम्हाला दोन दुपार बसून समजावला. तेव्हा कळलं की हा कायदा निकाहवाली, सात फेरेवाली असा भेद करत नाही. बायकोच नव्हे, आई, बहीण, मुलगीही त्याखाली येते. मारहाणच नव्हे, खर्चाला पैसे न देणं, घालूनपाडून बोलणं, घराबाहेर काढणं हीसुद्धा हिंसाच. खोली कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहायचा हक्क आहे. मारू नका, असा हुकूम कोर्ट देऊ शकतं, खर्च ठरवून देऊ शकतं. आणि परगावाहून आलेल्या बाईसाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही की लग्न कुठंही झालेलं असो, मारहाण कुठंही झालेली असो, ती आज तात्पुरती जिथं राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. गोंड्याची मुलगी ठाण्याच्या कोर्टात उभी राहू शकते. तिला गोंड्याला परत जावं लागत नाही. सरकारनं नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, ते अर्ज भरून देतात. हे कागदावर आहे. कागदावरून जमिनीवर यायला तारखा पडतात, महिने जातात, हेही आम्ही बायकांना आधीच सांगतो. खोटी उमेद देत नाही.

एवढं शिकूनही आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

एका शनिवारी एक बंगाली मुलगी आली. मुर्शिदाबादकडची. वय असेल वीस-बावीस. नवरा सेंट्रिंगच्या कामावर. तिला हिंदी येत नव्हती. सोबत दीर होता, बोलायला चटपटीत, अदबीचा. त्याला आम्ही "बैठो बेटा" म्हटलं आणि चहा दिला. मुलगी काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती. आमच्या कानाला 'मेरे' एवढंच लागलं. दीर म्हणाला, "मेरे घरवाले याद आते हैं, बोलती है. जी नहीं लगता." आम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नवीन मुलूख आहे, होईल सवय, म्हणालो. आणि तिला त्याच्याच सोबत परत पाठवलं.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी शेजारची एक वयस्क बंगाली बाई घेऊन आली. डावा हात प्लास्टरमध्ये. त्या बाईनं आम्हाला सांगितलं, ती तेव्हाही हेच म्हणत होती. 'आमाके मेरेछे.' मला मारलंय. आम्ही हिंदीतलं 'मेरे' ऐकलं. ती 'मेरेछे' म्हणत होती. ज्या घरानं मारलं त्याच घरच्या माणसाच्या तोंडून आम्ही तिचं दुखणं ऐकलं आणि वर त्याला चहा पाजला. एकेकाळी भिंतीपलीकडून ऐकून आम्ही काही केलं नव्हतं. या वेळी तर समोर बसून ऐकलं नाही.

तेव्हापासून आम्ही काही नियम केले. बाईसोबत जो येईल त्याला बाहेर बसवायचं, मग तो दीर असो, सासू असो की सख्खी बहीण. तिची बोली जाणणारी बाई आपण शोधायची, आणि तीही तिच्या बिरादरीतली, गावातली नसलेली बरी, नाहीतर आज बोललेलं उद्या गावात पोचतं. लेकराला दुभाषी करायचं नाही. हा नियम एका नऊ वर्षांच्या मुलामुळे केला. आईची भोजपुरी तो शाळेतल्या मराठीत आम्हाला सांगत होता आणि सांगता सांगता बापाचं नाव आलं की गप्प व्हायचा. आणि शेवटचा नियम, बाई जे म्हणेल ते जसंच्या तसं सांगायचं. 'हात उठाया' म्हणाली तर हात उठाया, 'जान से मारने को दौड़ा' म्हणाली तर तेच. आपल्याला बरं वाटावं म्हणून मऊ करायचं नाही. चौकीत तक्रार मराठीत लिहिली जाते. खाली अंगठा उठवण्याआधी ती तिच्या बोलीत तिला वाचून दाखवा, असा आग्रह धरायला आम्ही शिकलो. एका तक्रारीत 'किरकोळ वाद' असं आलं होतं. त्या किरकोळ वादाला सात टाके पडले होते.

त्या बंगाली मुलीची दुसरी अडचण होती कागदाची. आधार कार्ड, रेशन कार्ड, निकाहनामा, सगळं नवऱ्याच्या पेटीत. तो म्हणायचा, जा पोलिसात, ते तुलाच बांगलादेशी म्हणून उचलतील. ही धमकी पोकळ नाही. बंगाली बोलणाऱ्या गरीब मुसलमानावर तसा संशय घेतला जातो हे सारी वस्ती जाणते. तेव्हा नवऱ्याचा हात आणि बाहेरच्या जगाचा संशय, दोन्ही मिळून तिला खोलीत कोंडतात. म्हणून आम्ही आता प्रत्येकीला पहिल्यांदा कागदांबद्दल विचारतो. आधार, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे केसपेपर. झेरॉक्स काढून विश्वासाच्या घरी ठेव म्हणतो. आमच्याकडे पिठाच्या दोन रिकाम्या डब्यांत आज कितीतरी बायकांचे कागद आहेत. दवाखान्यात गेलीस तर 'पडले' म्हणू नकोस, कुणी मारलं ते डॉक्टरला सांग आणि लिहून घे, हेही सांगतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र निघालं ते याच विचारातून. मार खाल्लेली बाई पोलिसांआधी दवाखान्यात येते, तर तिला तिथंच आधार मिळावा.

कागद नवऱ्याच्या खिशात, ही गोष्ट मुंब्र्यापुरती नाही. कोकणातली आमची किती मुलं आखातात आहेत, किती घरं ब्रिटनमध्ये वसली आहेत. तिकडे लग्न होऊन जाणाऱ्या मुलीचा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असतो. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं असं होतं की ठरावीक मुदत भरण्याआधी नवऱ्याला सोडलं तर देशही सोडावा लागे, आणि सरकारी मदत तर मिळतच नसे. लंडनच्या साउथॉल भागात १९७९ साली आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन बायकांनी 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संस्था काढली. अशा बायकांसाठी त्या वर्षानुवर्षं झगडल्या. मारहाण सिद्ध झाली तर तिला तिथं राहता यावं, अशी तरतूद २००२ साली तिथल्या नियमांत आली. आमच्या एकीची भाची तिकडे दिली आहे. निघताना आम्ही तिला दागिन्यांबरोबर एक पाकीट दिलं. त्यात तिच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि अशा संस्थांचे फोन नंबर. तिच्या आईला राग आला, बदशगुनी म्हणाली. नवरा चांगला निघाला. पाकीट तिनं फेकलेलं नाही.

आता बदनामीबद्दल. "आपल्या लोकांना बाहेर आधीच नावं ठेवतात. तुम्ही आणखी काडी पेटवता." हे आम्हाला मशिदीच्या दारात ऐकवलं गेलं, आणि जवळच्या नात्यातही. या बोलण्यामागची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्यातली एक दंगलीत घर गमावून आली आहे. मुसलमान बाईच्या अश्रूंवर राजकारण करणारे आम्ही पाहिले आहेत. पण हे दुखणं कुण्या एका कौमचं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे दहांत तीन, सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातींच्या. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. तेव्हा बदनामी बोलल्यानं होते की मारल्यानं, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

दीनचा विषय निघतोच. आम्ही आलिमा नाही. पण हजरत आयेशांची रिवायत आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, की रसूलल्लाहनी कधी कुण्या बाईवर वा नोकरावर हात उचलला नाही. ही गोष्ट आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या एका मौलानासाहेबांना सांगितली आणि विचारलं, जुम्याच्या बयानात सुन्नतच्या इतक्या गोष्टी येतात, ही का येत नाही? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी त्यांनी त्यावर बयान केलं. पुढच्या शनिवारी आमच्या चटईवर जागा पुरली नाही. एका बाईला तर नवऱ्यानंच पाठवलं होतं. म्हणाला होता, जा, बोलून ये, मग मीही येतो. तो आला नाही. पण तिनं ते आम्हाला हसत सांगितलं, आणि तिला हसताना आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

आज चाळ राहिली नाही. तिथं सात मजली इमारत आहे. आम्ही दोघी वेगवेगळ्या मजल्यांवर राहतो, आणि आता भिंती जाड आहेत. दार लागलं की काही ऐकू येत नाही. आता १८१ आणि ११२ नंबर आहेत, 'सखी' केंद्रं आहेत, मुलींच्या हातात मोबाइल आहेत. २०२० च्या टाळेबंदीत मात्र मोबाइलही नवऱ्याच्याच हातात होता, हे आम्ही पाहिलं. म्हणून नंबर पाठ करून घेतो.

ती बंगाली मुलगी? तिला ठाण्याच्या कोर्टातून हुकूम मिळाला. नवरा गावी निघून गेला, ती राहिली. हात थोडा वाकडा जुळला आहे. आता ती मुंब्र्याची हिंदी बोलते आणि मधूनच मराठीही. शनिवारी आमच्या चटईवर बसते. बंगाली बाई आली की तिच्याशी तीच बोलते, आम्ही बाजूला सरकतो. परवा तिनं विचारलं, "खाला, शेजारच्या फ्लॅटमधून काहीतरी पडल्याचा आवाज येतो रोज रात्री. आपण काय करायचं?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं उठून मांडणीवरची वाटी काढून तिच्या हातात दिली.